कोरडी थू

सकाळी टेबलावर एकोणीस डब्या होत्या. अठरा पत्र्याच्या, दवाखान्याच्या, झाकणावर कागदाची पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर नाव-गाव. बारा अमरावती शहरातल्या, तीन दर्यापूरकडच्या, दोन अचलपूरच्या, एक सेमाडोहची. सेमाडोहच्या डबीवरचं नाव वाटेत ओल लागून पुसलं गेलं होतं, गाव तेवढं उरलं होतं. प्रत्येक डबीत कोणीतरी पहाटे उठून, छाती तळापासून ढवळून थुंकलं होतं. एकोणिसावी डबी दवाखान्याची नव्हती. ती हिंगाची होती. आदल्या संध्याकाळी मी ती दोनदा उकळून घेतली होती, तरी झाकण काढलं तेव्हा प्रयोगशाळेत क्षणभर फोडणीचा वास पसरला, मला भूक लागल्यासारखं झालं, आणि मग त्या भुकेची शरम वाटली. दवाखान्याची डबी मी घरी नेऊ शकलो असतो. पण ती मावशीनं ओळखली असती.

"हे एक कोनाची?" जानरावांनी विचारलं. जानराव आमच्या क्षय दवाखान्यातली एक्सरेची खोली सांभाळत. लढाईच्या काळात फौजेच्या इस्पितळात ते हे काम शिकले होते, वयानं माझ्या दुपटीच्या जवळ होते, आणि सकाळचा चहा माझ्या दारात उभं राहून पीत. मी म्हणालो, घरची. "घरची म्हंजे?" मावशीची, मी म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला. "मंग पयले तिचीच पाहा ना भाऊ. बाकीचे काय पळून जाऊन राहिले?" पण मी पहिली तिची घेतली नाही. रोजच्या क्रमानंच घेतल्या, शहरातल्या आधी, मग बाहेरगावच्या, आणि हिंगाची सगळ्यांत शेवटी. क्रम मोडला असता तर तिच्या डबीत काहीतरी आहे असं मी आधीच मान्य केल्यासारखं झालं असतं. बांबूची काडी मोडायची, तिच्या तुटक्या टोकानं त्या पिवळट ऐवजातला दाट कण उचलायचा, काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, वर लाल रंग ओतून खालून स्पिरिटची ज्योत फिरवायची. वाफ आली पाहिजे, उकळी फुटता कामा नये. हे मी दोन वर्षं करत होतो. बी.एस्सी. होऊन मला ही नोकरी लागली तेव्हा मावशीनं सगळ्या आळीला सांगितलं होतं, की आमचा कमलाकांत आता दुर्बिणीतून रोग पाहतो. सूक्ष्मदर्शक, मी म्हणालो होतो. तर ती म्हणाली होती, "तेच ते. लांबचं पाहायचं नाही, जवळचं पाहायचं, एवढाच फरक ना?"

जवळचं आदल्या दिवशी दुपारी दिसलं होतं. मी जेवायला घरी गेलो होतो. चिमीची, म्हणजे माझ्या पाच महिन्यांच्या मुलीची, अंघोळ नुकतीच झाली होती. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता, आणि मावशी पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर चिमी. काजळ घालून झालं. मग मावशीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं, इतकं पाहिलं की आपल्याच पाहण्याची तिला भीती वाटली असावी, आणि ती वाकून म्हणाली, "थू." हे रोजचंच होतं. मी ते रोज पाहत होतो, आणि पाहत होतो असं म्हणण्यातही अर्थ नाही, कारण घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं ते चालू असायचं. थू, थू, दोनदा. आणि दर वेळी अगदी बारीकसा, मोहरीहूनही लहान असा ओला थेंब मुलीच्या कपाळावर पडायचा आणि हवेतच वाळून जायचा. त्या दुपारी पहिल्या थूनंतर मावशी खोकली. मान बाजूला करून, पदर तोंडाला लावून, पण खोलवरून. आणि पहिली थू आणि दुसरी थू यांच्या मधल्या त्या जागेत मी दारात चपला काढता काढता थांबलो. कितीतरी दिवस जो खोकला मी घरात ऐकत होतो तो मी तेव्हा पहिल्यांदा दवाखान्यातल्या कानांनी ऐकला.

"मावशी, थांब," मी म्हणालो.

"काहून?"

"किती दिवसांचा आहे हा खोकला?"

"खडूचा आहे तो. तीस वर्षं खडू खाल्ला, एवढ्यात निघून जाईल का? आता मधात बोलू नको. एकच झाली. एकीनं दृष्ट निघत नाही, अर्ध्यात राहते." आणि ती पुन्हा वाकली आणि दुसरी थू करून मोकळी झाली.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, अनसूया. लवकर विधवा झालेली, मूल नसलेली, अकोल्यात मुलींच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. मी चार वर्षांचा असताना आई गेली आणि वडिलांनी दुसरं घर केलं, तेव्हापासून मी मावशीचा. अकोल्याच्या त्या दोन खोल्यांत मी तिच्याच शाळेत मुलींच्या रांगेच्या टोकाला बसून अक्षरं शिकलो. माझ्या बायकोच्या, शैलाच्या, बाळंतपणासाठी म्हणून ती अमरावतीला आली आणि मग राहिलीच. ज्योतीवर काचपट्टी धरून उभा असताना मला तिचा तो वर्ग आठवत होता. पाटी थुंकीनं पुसणाऱ्या मुलीला ती उभी करायची. "विद्येवर थुंकतेस? जा, डब्यातलं फडकं आण." आणि स्वतः मात्र पुस्तकाचं पान उलटताना अंगठा जिभेला लावायची, एखादी धीट मुलगी म्हणायची, बाई, तुमी? तर ती म्हणायची, "ही थुंकी नाही, हे मोठ्या माणसाचं पाणी आहे." सुईत दोरा ओवताना तेच पाणी. मला गांधीलमाशी चावली तेव्हा तेच पाणी, त्यात माती कालवून. शेजारचा तापट गृहस्थ भावाच्या दारासमोर उभा राहून "थू तुया जिनगानीवर" असं ओरडला तेव्हाही, मला वाटतं, तोच शब्द, तीच जीभ त्याच दातांमागे. फक्त मावशी शब्द खाली वाकून, जवळ नेऊन सोडायची आणि तो लांबून फेकत होता. कॉलेजात आम्हाला लाळेतला टायलीन शिकवला. पिष्टाची साखर करतो. परीक्षानळीत भाताची पेज आणि थुंकी, आणि आयोडिनचा निळा रंग जाताना पाहायचा. सर म्हणाले, थुंका परीक्षानळीत, आणि आमच्या वर्गातली मुलं लाजली. फळ्यावर सरांनी इंग्रजी स्पेलिंग लिहिलं, त्यात टीच्या आधी एक पी होता जो उच्चारायचा नव्हता. तो पी तिथं कशाला, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. मीही नाही.

हिंगाच्या डबीच्या काचपट्टीवरचा लाल रंग धुतला, आम्लानं उरलासुरला काढला, निळा चढवला. तेलाचा थेंब, आणि डोळा. निळ्या मैदानात पहिल्या काही फील्डमध्ये, म्हणजे भिंगाखालच्या एकेका गोलात, काही नव्हतं, आणि मी श्वास सोडायला लागलो होतो, तेवढ्यात एक लाल काडी दिसली. मग दोन, शेजारी शेजारी, जराशा वाकलेल्या. मग पुष्कळ. मी मोजायचं थांबलो नाही, कारण मोजण्याशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. दारात जानराव उभे होते. मी मान वर केली नाही तरी त्यांना कळलं. "आना उद्या त्यायले. फोटो काढून घेऊ," ते म्हणाले, आणि जरा वेळानं, "माया मशीनीपुढे घाबरत तर नाई ना त्या?" मी म्हणालो, ती कशालाच घाबरत नाही. हे खरं नव्हतं. ती एकाच गोष्टीला घाबरायची, आणि त्यावर तिच्याकडे एकच उपाय होता.

आईबद्दल मला फार थोडं आठवतं. पडवीतली खाट, खाटेखाली राख घातलेलं पितळी तस्त, आणि उंबऱ्यापलीकडे उभा मी. मला पलीकडे जाऊ देत नसत. क्षय हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे. "प्रमोदिनीला बरं नाही" एवढंच. मला नवा सदरा घातला की मावशी मला उंबऱ्याशी उभं करायची, आई खाटेवरून पाहायची आणि मग मावशीकडे बघून हनुवटी हलवायची, आणि मावशी आईच्या वतीनं माझ्यावर थू थू करायची. आपल्या तोंडात काय आहे हे आईला माहीत होतं. नोकरीवर रुजू होताना डॉक्टरांनी माझ्या हातावर ट्युबरक्युलिनची सुई दिली. तिसऱ्या दिवशी तिथं टणक उंचवटा आला. तो मोजायचा असतो; भोवतालची लाली मोजायची नाही, ती फसवते; बोटानं चाचपून जिथं कातडी उचललेली लागते तेवढीच आडवी मोजायची. पाच मिलिमीटरच्या आत असेल तर शरीराची त्या जंतूशी गाठ पडलेली नाही. दहाच्या वर असेल तर पडलेली आहे, मग रोग होवो न होवो. माझी सोळा भरली. डॉक्टर म्हणाले, "लहानपणी घरात कोणी होतं का?" मी म्हणालो, आई. घरी जाताना मी बाही खाली केली नव्हती. आईचा माझ्याकडे एकही फोटो नाही. त्या दिवशी मात्र मला असं वाटत राहिलं, की उंबऱ्याचा सगळा बंदोबस्त चुकवून ती एकदा तरी माझ्याजवळ आली होती, आणि माझ्या शरीरानं ते इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. फक्त चिमीच्या बाबतीत हाच विचार करताना मला तो पुढे नेता येईना.

मावशीला मी दुसऱ्या दिवशी, फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या अंगाला ढगासारखा डाग दिसल्यावर सांगितलं. ती अंगणात उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती.

"मावशी, तुझी डबी पाहिली मी."

"मग? हिंग निघाला का?"

"जंतू निघाले."

तिचा अंगठा शेंगेत तसाच राहिला. "प्रमोदिनीला होते ते?"

"तेच."

"तुला दिसले? डोळ्यानं?"

"दिसले."

"कसे असतात रे? तिच्या वेळी कोणी दाखवलेच नाहीत. नुसतं नाव, तेही दाराआड."

"लाल असतात. म्हणजे आम्ही रंगवतो. बारीक काड्या, जरा वाकलेल्या. मागे सगळं निळं."

"पैठणीसारखं." ती थोडी हसली. मग तिनं सोल्यांची टोपली हातानं लांब सारली, पुन्हा आणखी लांब सारली. "हे फेकून दे. शैलाला उसळ करू देऊ नको." आणि मग, वर न पाहता, "चिमी?"

मी सांगितलं, की चिमीच्या हातावर सुई द्यायची, पण आत्ता देऊन उपयोग नाही. जंतू शिरले असले तरी शरीराला त्यांची ओळख पटायला वेळ लागतो. आठ आठवडे थांबायचं, मग कळेल.

"म्हणजे परीक्षा आहे तिची," मावशी म्हणाली. "अन् शिकवणी मी घेतलेली." आमच्या अंगणातल्या शेवग्याची एक शेंग वाऱ्यानं पत्र्यावर घासत होती. "कमलाकांत, मी रोज तिची दृष्ट काढत होते ना रे? का लावत होते?"

याचं उत्तर मला येत होतं. जंतू खोकल्यातून जातात, हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतून. कपाळावर वाळलेल्या थेंबातून जवळजवळ नाहीच. पण खोकला आणि थू दोन्ही एकाच तोंडातून, एकाच क्षणी, एकाच वेड्या मायेनं मुलीवर वाकलेले. त्यांना वेगळं करणारी कुठलीही काचपट्टी माझ्याजवळ नव्हती. मी जंतूंचं सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही.

ती अकोल्याला जाते म्हणाली. बंद घराची किल्ली कमरेला होतीच. मी म्हणालो, रोज इंजेक्शन घ्यायचं आहे. मग चिमीला अकोटला पाठव, शैलाच्या माहेरी, ती म्हणाली. तेव्हा शैला, जी इतका वेळ दारात उभी राहून ऐकत होती, ती चिमीला कडेवर सावरत पायरीवर आली. शैला अकोटची, जिनिंगच्या आवाजात वाढलेली, त्यामुळे हळू बोलणं तिला माहीत नाही. "कोनी कुठी जात नाही. ते अंगनापलीकडची खोली काय वाघाची आहे? पार्वताबाईंचा कडबा काढू, चुना मारू. मावशी तिकडे, आमी इकडे. अन् चिमी अंगनातून दिसन." "तुला भीती नाही वाटत?" मावशीनं विचारलं. "वाटते नं," शैला म्हणाली. "म्हनून तर डोळ्यासमोर ठेवून राहिली. अकोटले गेली तर रात्रंदिवस तुमी खोकल्या का जेवल्या, ह्याच घोरात राहीन." डॉक्टरांनीही तेच सांगितलं; मद्रासकडे तसा प्रयोग करून पाहून झाला आहे, घरी ठेवून औषध दिलं तरी माणसं तितकीच बरी होतात, फक्त औषध चुकवायचं नाही. घरमालकीण पार्वताबाईंनी कडबा काढून दिला. अंगणाची रुंदी मी टेपनं मोजली, साडेसात मीटर भरली, आणि मी समाधान मानलं.

पहिले दोन दिवस मावशीनं खोलीचं दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी चिमीची अंघोळ झाली, धुरीचा वास अंगणात गेला, आणि पलीकडचं दार उघडलं. मावशी उंबऱ्याच्या आत उभी होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. शैलानं चिमीला पायरीवर आणून दोन्ही हातांनी उंच धरलं, एखादी वस्तू विकायला काढावी तसं. मावशीनं पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि पदराच्या आतून म्हणाली, "थू. थू." म्हणाली, केली नाही. जीभ दातांमागे लागली असेल, ओठ गोल झाले असतील, पण तोंडातून काही निघालं नाही. निघालं असतं तरी पदरात राहिलं असतं. अंगण ओलांडून आला तो नुसता शब्द. मला त्या क्षणी काहीतरी समजल्यासारखं झालं. म्हणजे शब्द असेच झाले असतील. आधी कोणीतरी खरंच थुंकलं असेल, आणि मग कोणावर तरी थुंकता येईना, मधे अंगण आलं, नदी आली, आजार आला, तेव्हा ओल काढून घेतली आणि आवाज तेवढा पाठवला. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "कोरडी आहे. पोचते की नाही कोणास ठाऊक." आणि रोज पाठवत राहिली.

त्या आठवड्यांत माझं दुसऱ्या कशात लक्ष लागत नव्हतं, म्हणून मी त्या एका अक्षराच्या मागे लागलो. मावशीच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, हिमॉप्टिसिस नाही. म्हणजे थुंकीतून रक्त नाही. तो न उच्चारायचा पी मला तिथं पुन्हा भेटला, या वेळी उच्चारलेला. कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मी जाड कोश उघडला. ग्रीकमध्ये थुंकणं म्हणजे प्ट्यू, आणि पुढे कंसात, आवाजाची नक्कल. टायलीन त्यातूनच, हा रोगाचा शब्दही त्यातूनच. संस्कृतातला ष्ठीव् हाही, तोंड वेडंवाकडं करून म्हणून पाहिला तर, थुंकतोच. अचलपूरची एक मुसलमान म्हातारी मुलाचा रिपोर्ट न्यायला यायची. तिचा दुसरा मुलगा उर्दू शाळेत मास्तर होता, त्यानं सांगितलं, फारसीत तुफ़, आणि तुफ़ म्हणजे धिक्कार. पण त्याची आई नातवाचं कौतुक करताना बाकावर बसून "थू थू, नज़र न लगे मेरे लाल को" असंच म्हणत होती, धिक्काराचा त्यात मागमूस नव्हता. सेमाडोहच्या त्या नाव पुसलेल्या डबीचा मालक, कोरकू आदिवासी, आला तेव्हा मी त्याला विचारलं, तुमच्यात याला काय म्हणतात. त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं, खिडकीशी गेला आणि बाहेर थुंकून दाखवलं. जानराव चहा सांडेपर्यंत हसले.

"मले विचारा नं भाऊ. मी ग्रीस पायलेला मानूस," ते म्हणाले. लढाईच्या शेवटी त्यांची तुकडी तिकडे होती. "तिकडच्या म्हाताऱ्या लेकरू दिसलं का फ्तू, फ्तू, फ्तू. तीनदा. आपल्याकडे दोन, तिथी तीन. एका म्हातारीनं तर मलेच केलं. उपाशी होती बिचारी, पावाचा तुकडा देला, तर माया तोंडाकडे पाहून फ्तू फ्तू फ्तू. सोबतचा शिपाई चिडला, म्हने थुंकून राहिली तुयावर. म्या म्हनलं, गप रे. हे थुंकनं मले माहीत आहे." आणि मग ते काचपट्ट्यांच्या पेटीकडे पाहत म्हणाले, "दुसरं बी माहीत आहे. आमच्या आज्याच्या काळी आमच्या थुंकीनं रस्ता बाटे म्हनत. आता तुमी तेच हातात घेता, ज्योतीवर वाळवता, डोळा लावून पायता. लय मान वाढला थुंकीचा." त्यांनी कप उचलला. "मावशीचं काय म्हनते?" मी म्हणालो, कमी होताहेत. आता पुष्कळ फील्ड पाहावी लागतात तेव्हा एखादा दिसतो. "अन् बारकीचं?" अजून थांबायचं आहे, मी म्हणालो.

थांबणं म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं. चिमी शिंकली की शैला आणि मी एकमेकांकडे पाहत नसू. तिचं वजन मी आठवड्याला एकदा करत असे, आणि ते वाढत होतं, आणि वाढत्या वजनाचा अर्थ लागतो त्यापेक्षा जास्त लावू नये असं मी स्वतःला बजावत असे. संध्याकाळी तिला मांडीवर घेतल्यावर मी माझ्याही नकळत तिचा डावा हात उघडा करून पाहायचो, जिथं अजून सुई दिलेलीच नव्हती तिथं. गुळगुळीत, मऊ, काहीही न लिहिलेली जागा. माझ्या हातावरची सोळा मिलिमीटर मला आयुष्यभर पुरली होती. तिला मावशीची आठवण दुसऱ्या कशानं तरी राहावी असं मला वाटत होतं. काजळानं, कवितेनं, अगदी माराच्या भीतीनं. पण अशी नाही.

संक्रांतीला पार्वताबाईंनी हट्टानं चिमीचं बोरन्हाण केलं. पहिली संक्रांत चुकवायची नाही म्हणाल्या. हलव्याचे दागिने दरवर्षी आळीभर मावशी करून द्यायची. या वर्षी तिनं हात लावला नाही, उंबऱ्यातून नुसतं सांगत राहिली, पाक कच्चा आहे, परात हलव, आणि शैलानं वेडेवाकडे का होईना केले. काळं झबलं, पांढरा मुकुट, आणि पाटावर बसवलेली चिमी. शेजारच्या बायका जमल्या, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, पोरं लुटायला तुटून पडली, आणि चिमी रडण्याऐवजी हसली. "अवं माय, काय गोड दिसून राहिली हे!" पार्वताबाई म्हणाल्या. "नजर लागन एखाद्याची." आणि सगळ्याच तिच्याकडे पाहू लागल्या.

"अगं मग करा ना कोणीतरी!" अंगणापलीकडून आवाज आला. तो वर्गातला आवाज होता. पोरांनीसुद्धा बोरं टाकून वर पाहिलं.

"तुमीच करा नं मास्तरीनबाई, तिथूनच करा रोजच्यासारखी," पार्वताबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या. सगळ्या आळीला कोरड्या थूची गोष्ट माहीत झाली होती.

"आज कोरडीनं भागायचं नाही. इतके डोळे आहेत," मावशी म्हणाली. "कमलाकांत, तू कर."

"मी?"

"तू. अन् आधी काचेवर पाहून घेतलंस ना स्वतःचं?"

बायका पुन्हा हसल्या, पण मावशी हसत नव्हती, आणि मी घेतलं होतं पाहून. त्याच आठवड्यात, सगळ्या डब्या संपल्यावर, जानराव जेवायला गेलेले असताना, मी माझी स्वतःची थुंकी काचपट्टीवर पसरून रंगवली होती, आणि निळ्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधून पाहिली होती. कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. "पाहिलंय," मी म्हणालो. "काही नाही." "मग हो पुढे," मावशी म्हणाली. मी पाटाशी गुडघ्यावर बसलो. चिमीच्या मुकुटाचा एक दाणा तिच्या गालावर चिकटला होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तो शब्द लहानपणापासून ऐकू येत होता, मी तो सहा भाषांत शोधला होता, आणि माझ्या तोंडानं तो एकदाही कोणावर केलेला नव्हता. माझी जीभ कोरडी पडली होती. ती ओली होईपर्यंत बायका थांबल्या. मग मी थू म्हणालो, आणि पुन्हा थू, आणि दुसऱ्या वेळी एक थेंब खरोखरच तिच्या कपाळावर पडला. चिमीनं डोळे मिचकावले. "शाब्बास," पलीकडून मावशी म्हणाली, आणि तिनं दार अर्धवट लोटून घेतलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी चिमीच्या डाव्या हातावर सुई दिली. ती रडली, आणि मग विसरली. दोन दिवस शैलानं त्या हाताला पाणी लागू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून पारदर्शक मोजपट्टी आणली. प्रयोगशाळेत नेऊन पाहता आलं असतं, पण मावशी म्हणाली, "माझ्यासमोर पाहा. काय असेल ते माझ्यासमोर." म्हणून अंगणात, उन्हात. शैलानं पायरीवर बसून चिमीला मांडीत घेतलं आणि झबल्याची बाही वर सारली. पलीकडे मावशी उंबऱ्यात उभी होती, दोन्ही हातांनी चौकट धरून, पदर तोंडावरून ओढलेला. सुईच्या जागी पैशाएवढी फिकट लाली होती. लाली मोजायची नसते. मी डोळे मिटले आणि बोटाचं टोक त्या लालीवरून सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवलं, पुन्हा फिरवलं, कातडी जिथं उचललेली लागली तिथं बॉलपेननं दोन खुणा केल्या. "किती?" शैलानं विचारलं. मी मोजपट्टी ठेवली. चिमीनं ती पकडायला हात हलवला, म्हणून पुन्हा ठेवली.

आडवा व्यास, दोन मिलिमीटर.